डिस्क-दोषदुरुस्ती (लॅपटॉप संगणकातील)

लॅपटॉपच्या साठवण-डिस्कवर माहिती लिहिताना किंवा तेथून ती वाचताना येणारे दोष शोधून डिस्क पुन्हा वापरण्याजोगी करण्याच्या प्रक्रियेला डिस्क-दोषदुरुस्ती म्हणतात. हे दोष तार्किक व भौतिक अशा दोन प्रकारांचे असून त्यांचे उपाय वेगळे आहेत. किंबहुना एकावरचा उपाय दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

तार्किक दोषात डिस्कचे यंत्र धडधाकट असते. बिघडते ती फाइल-प्रणाली, म्हणजे कोणत्या फाइलचे कोणते तुकडे डिस्कवर कोठे आहेत याची नोंदव्यवस्था. लेखन चालू असताना बॅटरी संपली किंवा संगणक एकाएकी बंद पडला, तर माहिती लिहिली गेली पण तिची नोंद झाली नाही, किंवा याच्या उलट, अशी स्थिती उद्भवते. जुन्या फॅट प्रणालीत त्यामुळे कोणत्याही फाइलच्या नावावर नसलेले बेवारस तुकडे उरत किंवा एकाच तुकड्यावर दोन फाइलींची मालकी नोंदली जाई. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस आणि लिनक्सवरील ईएक्सटी४ या प्रणाली नोंदींतला बदल आधी रोजनाम्यात टिपून मग तो प्रत्यक्षात आणतात. त्यामुळे असे दोष पुष्कळ घटले, मात्र पूर्णपणे नाहीसे झाले नाहीत.

भौतिक दोषात माहिती धारण करणारा पृष्ठभागच निकामी होतो. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचनशीर्ष पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असल्याने चालू लॅपटॉपला बसलेला हादराही ओरखडा पाडू शकतो. डिस्कवरील सर्वांत लहान खंडाला सेक्टर म्हणतात. तो पूर्वी ५१२ बाइटचा असे, नव्या डिस्कांत बहुधा ४,०९६ बाइटचा असतो. प्रत्येक सेक्टरसोबत चूक ओळखून सुधारणारे संकेत साठवलेले असतात आणि त्यांच्याही आवाक्याबाहेरची हानी झाली की तो सेक्टर वाचता येत नाही. डिस्क त्याची प्रलंबित म्हणून नोंद ठेवते व पुढील लेखनाच्या वेळी, गरज पडल्यास, त्याच्या जागी राखीव सेक्टर योजते. ‘स्मार्ट’ या स्वयंनिरीक्षण व्यवस्थेत बदललेल्या सेक्टरांची संख्या ५ क्रमांकाच्या, तर प्रलंबितांची १९७ क्रमांकाच्या नोंदीत दिसते. या संख्या वाढू लागल्या की डिस्क बदलणेच योग्य. चकतीऐवजी स्मृती-चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत फिरते भाग नसल्याने हादऱ्याचे भय कमी, परंतु तिच्या स्मृतिकोशांना लेखनाची मर्यादा असते.

विंडोजमध्ये ‘चेकडिस्क’ हा आदेश दोष शोधून दुरुस्त करण्यासाठी वापरतात. त्याला ‘एफ’ हा पर्याय जोडल्यास नोंदव्यवस्था दुरुस्त होते, तर ‘आर’ जोडल्यास तेवढ्यावर न थांबता खराब सेक्टरही शोधले जातात. विंडोज ज्या विभागातून चालते तो वापरात असल्याने त्याची दुरुस्ती संगणक पुन्हा सुरू होताना केली जाते. लिनक्सवरील ‘एफएससीके’ हा आदेश जोडलेल्या, म्हणजे वापरात असलेल्या, विभागावर चालवणे धोक्याचे असल्याने पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून तो वापरतात. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’तील ‘फर्स्ट एड’ हेच काम करते. काम मध्येच तुटू नये म्हणून लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा.

या साधनांविषयीचा एक गैरसमज फार नुकसान करतो. त्यांचे उद्दिष्ट नोंदव्यवस्था सुसंगत करणे हे आहे, वापरणाऱ्याचा मजकूर वाचवणे हे नव्हे. सुसंगतीसाठी ती अर्धवट नोंद खोडूनही टाकतात आणि सापडलेले बेवारस तुकडे मूळ नावांशिवाय वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. त्यातच भौतिक दोष असलेल्या डिस्कवर ‘आर’ पर्याय चालवला, तर काही तास चालणारे सलग वाचन मरणपंथाला लागलेल्या यंत्रावर नेमका नको तो ताण आणते. म्हणून दुरुस्तीआधी फाइलींची प्रत घ्यावी, हा क्रम कधीही उलटवू नये. सेक्टर वाचले जात नसतील, तर ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’सारखे साधन वापरावे, ते आधी सुस्थितीतील भाग उतरवून घेते, अडलेल्या जागा नकाशा-फाइलीत टिपते व त्यांच्याकडे शेवटी वळते. पुढची सारी खटपट मूळ डिस्कवर न करता त्या प्रतीवर करावी.

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर ऐकू येत असेल, तर कोणताही आदेश न चालवता संगणक तत्काळ बंद करावा. अशी डिस्क केवळ धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेतच उघडतात, कारण वाचनशीर्ष व चकती यांतील अंतरापेक्षा धुळीचा साधा कणही कितीतरी पटींनी मोठा असतो.