मंत्र विसरणारा जादूगार

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातली जादूची पद्धत जॅक व्हान्सच्या कथांमधून आली.’ गाइड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘कशावरून?’ मला वाटलं, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, एक तळटीप टाकली की झालं. त्या तळटिपेत तीन महिने गेले. कसे गेले ते सांगते, कारण पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आराखड्यात असं एखादं ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ वाक्य असणारच.

आधी खेळ समजून घेऊ. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावावर हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात निघाला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कोणी योद्धा तर कोणी जादूगार, आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. यातल्या जादूगाराचा मूळ नियम विचित्र होता. तो मंत्र आधी पोथीतून पाठ करायचा आणि एकदा म्हटला की तो मंत्र डोक्यातून पुसला जायचा. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पाठांतर! व्हान्सच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकात अगदी हेच आहे. त्यातल्या मॅझिरियन नावाच्या जादूगाराच्या मेंदूत भारी मंत्र असतील तर चार मावतात, हलके असतील तर सहा.

साम्य इतकं ठळक आहे की पुढे शोधायचं काय, असंच कोणालाही वाटेल. पण साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. ऐन वेळी मंत्र न आठवणारा वीर म्हटलं की आपल्याला परशुरामाचा शाप मिळालेला कर्ण आठवतो. म्हणून गायगॅक्सने महाभारत वाचलं होतं असं काही मी लिहिणार नाही.

मग मी १९७४ ची प्रस्तावना उघडली. तिथे बरोझच्या मंगळावरच्या साहसकथा आहेत, हॉवर्डचा कोनन आहे, डी कॅम्प आणि प्रॅट आहेत, फ्रिट्झ लायबर आहे. व्हान्स नाही! खरं सांगते, पोटात गोळा आला. सबंध प्रकरण त्या एका वाक्यावर उभं होतं.

आधार सापडला तो नियमांच्या मजकुरात, कंसातल्या एका शब्दात. कोणत्या पायरीचा जादूगार किती मंत्र वापरू शकतो याचा तक्ता आहे, आणि ‘वापरणे’च्या पुढे कंसात खुलासा आहे की एका मोहिमेत ‘लक्षात ठेवलेले’ मंत्र. बस, एवढंच. मंत्र म्हटल्यावर विसरतो का, तोच मंत्र दोनदा घेता येतो का, हे तिथे धड सांगितलेलं नाही. खेळणारे गोंधळले यात नवल नाही. अखेर एप्रिल १९७६ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात गायगॅक्सने खुलाशाचा लेख लिहिला, त्यात व्हान्सचं नाव स्पष्ट येतं. पण त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे, जी आधी मी वाचूनही वाचली नव्हती. जादूला लगाम नसेल तर खेळ नुसता जादूगारांचा तमाशा होतो आणि सगळे लवकरच कंटाळतात, अशा अर्थाचं तो म्हणतो.

हा लगाम का लागला? त्यासाठी १९७१ च्या ‘चेनमेल’कडे जावं लागतं. तो गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा, छोट्या सैनिकांच्या बाहुल्यांनी लढाया खेळण्याचा नियमसंच. त्याच्या शेवटी जोडलेल्या अद्भुत भागात जादूगार आहे, पण तो माणूस कमी आणि तोफखाना जास्त. त्याच्या आगीच्या गोळ्याचा फटका मोठ्या गोफणयंत्राएवढा, विजेचा तडाखा जड तोफेएवढा. रणांगणावर अख्खी फौज असते, तिथे एक तोफ खपून जाते. पण प्रत्येकाच्या हातात एकेकच पात्र आलं की ती तोफ शेजारच्या योद्ध्याला बेकार करून टाकते. म्हणून १९७४ मध्ये पहिल्या पायरीच्या जादूगाराला एकच मंत्र, आणि आगीचा गोळा थेट पाचव्या पायरीला.

इथे तुलना कामाला आली. १९७५ मध्ये केन सेंट आंद्रेने ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढला. अडचण तीच, पण त्याने मंत्राची किंमत जादूगाराच्या अंगातल्या ताकदीतून वसूल केली. मंत्र म्हटला की ताकदीचे गुण कमी, विसरणंबिसरणं काही नाही. म्हणजे मर्यादेची गरज टेबलाची होती, ती व्हान्सशिवायही भागत होती. त्या मर्यादेला विस्मरणाचं रूप मिळालं, ते मात्र व्हान्सचं.

माझं वाक्य आता सहा ओळींचं झालं आहे. मागच्या आठवड्यात ते मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि पेन्सिल उचलली: ‘आर्नेसनचं काय?’

प्रश्न बरोबर आहे. १९७४ च्या आधीपासून मिनेसोटात चाललेल्या त्याच्या ‘ब्लॅकमूर’ खेळात जादूगार सामग्री जमवून मंत्र आधीच तयार करून ठेवत, असं त्याच्या टिपणांत आहे. फक्त ती टिपणं छापली गेली १९७७ मध्ये, वाद सुरू झाल्यानंतर. सध्या तीच वाचते आहे.