डेम्प्सी विरुद्ध विल्स : न झालेल्या लढतीचा इतिहास

मुष्टियुद्धाच्या इतिहासात ज्या लढती झाल्या त्यांच्याइतकीच, किंबहुना काही वेळा त्यांच्याहून अधिक चर्चा ज्या लढती कधी झाल्याच नाहीत त्यांची होत आली आहे. अमका आणि तमका समोरासमोर आले असते तर कोण जिंकला असता, हा वाद या खेळाच्या रसिकांनी पिढ्यान्‌पिढ्या घातला आहे. मात्र या वादात दोन अगदी निराळ्या जातीच्या लढती एकत्र मिसळल्या जातात. काही लढती काळाच्या अंतरामुळे होऊच शकत नव्हत्या. १९५६ मध्ये अपराजित राहून निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो आणि १९६४ मध्ये जगज्जेता झालेला मुहम्मद अली यांची काल्पनिक लढत त्यांपैकी एक. काही लढती मात्र होऊ शकत होत्या, दोन्ही मुष्टियोद्धे ऐन उमेदीत होते, लोकांची मागणी होती, क्वचित करारांवर सह्याही झाल्या होत्या, आणि तरीही त्या घडू दिल्या गेल्या नाहीत. अशा लढतींच्या बाबतीत कोण जिंकला असता हे विचारण्यापूर्वी ती कोणी आणि का रोखली हे विचारणे भाग आहे. जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स यांची १९२० च्या दशकातील न झालेली लढत हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

ही लढत रोखणाऱ्या प्रथेला अमेरिकेत 'कलर लाइन', म्हणजे वर्णरेषा, असे म्हटले जाई. हेवीवेट हा वजनाचा सर्वांत वरचा गट. त्याचा जगज्जेता हा साऱ्या खेळाचा राजा मानला जात असल्यामुळे ते पद कृष्णवर्णीय माणसाच्या हाती जाऊ नये, असा हा अलिखित दंडक होता. १८८२ ते १८९२ या काळात विजेतेपद भूषवणाऱ्या जॉन एल. सलिव्हनने कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी लढण्यास उघडपणे नकार दिला. त्याचा पहिला मोठा बळी पीटर जॅक्सन. वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉइ बेटावर जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात नावारूपाला आलेला हा मुष्टियोद्धा मे १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जेम्स कॉर्बेटविरुद्ध तब्बल ६१ फेऱ्या लढला, आणि अखेर दोघेही थकून गेल्याने लढत अनिर्णित ठरवून थांबवावी लागली. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १८९२ मध्ये, त्याच कॉर्बेटने न्यू ऑर्लिन्समध्ये सलिव्हनला २१ व्या फेरीत बाद करून विजेतेपद मिळवले. ज्याला कॉर्बेट ६१ फेऱ्यांत हरवू शकला नव्हता त्या जॅक्सनला ती संधी कधीच मिळाली नाही, आणि १९०१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये क्षयाने त्याचे निधन झाले.

ही रेषा एकदा ओलांडली गेली, पण त्या घटनेचेच निमित्त करून ती पुढे अधिक घट्ट करण्यात आली. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सचा पराभव केला आणि तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता ठरला. त्याला हरवण्यासाठी निवृत्त झालेल्या जेम्स जेफ्रिजला पुन्हा रिंगणात आणण्यात आले, आणि ४ जुलै १९१० रोजी नेवाडातील रिनो येथे जॉन्सनने त्याला १५ व्या फेरीत नमवले. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, दंगली पेटल्या, माणसे मारली गेली. १९१२ मध्ये तर मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी घालणारा कायदाच अमेरिकी काँग्रेसने केला. रिनोच्या लढतीचा आयोजक आणि पंच एकच होता, तो म्हणजे टेक्स रिकर्ड. हे नाव लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे डेम्प्सीच्या मोठमोठ्या लढतींचे सूत्रधारपद त्याच्याकडेच आले. आणखी एक कटू गोष्ट नोंदवली पाहिजे : विजेता झाल्यावर खुद्द जॉन्सननेही सॅम लँगफर्ड व जो जेनेट या आपल्याच वर्णाच्या सर्वांत बलाढ्य दावेदारांना विजेतेपदाची लढत दिली नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या लढतीला गर्दी आणि पैसा दोन्ही होते, कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या लढतीत जोखीम तेवढी होती. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलर्डने जॉन्सनला २६ व्या फेरीत बाद केले आणि ते दार पुन्हा बंद झाले.

त्या बंद दाराबाहेर ज्यांचे आयुष्य गेले त्यांत हॅरी विल्स हा सर्वांत दीर्घकाळ ताटकळलेला दावेदार होता. त्याचा जन्म १८८९ च्या सुमारास न्यू ऑर्लिन्स येथे झाला, आणि तरुणपणी तो तेथील गोदीत मालाची चढउतार करी. उंच, भरदार, अंगात प्रचंड ताकद असलेला हा माणूस 'ब्लॅक पँथर' या टोपणनावाने ओळखला जाई. गोऱ्या नामवंतांनी दार लावून घेतल्यामुळे कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांना पोटासाठी पुन्हा पुन्हा एकमेकांशीच लढावे लागे. विल्स आणि लँगफर्ड पंधराहून अधिक वेळा एकमेकांसमोर उभे राहिले, यावरून त्या कोंडीची कल्पना येते. त्यांच्यासाठी 'कलर्ड हेवीवेट चॅम्पियनशिप' नावाचे वेगळे विजेतेपद मानले जात होते आणि ते विल्सने अनेकदा मिळवले. परंतु त्या किताबाला ना मोठ्या रकमेचे पाठबळ होते, ना जगज्जेतेपदाची प्रतिष्ठा.

४ जुलै १९१९ रोजी ओहायोतील टोलेडो येथे चोवीस वर्षांच्या जॅक डेम्प्सीने महाकाय विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा जमिनीवर लोळवून विजेतेपद हिसकावले, आणि त्यानंतर लगेचच आपण कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी लढणार नाही असे जाहीर केले. हाच डेम्प्सी १९१६ मध्ये, नाव नसताना, न्यू यॉर्कमध्ये जॉन लेस्टर जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याशी लढला होता आणि त्यात त्याच्या बरगड्यांना इजा झाली होती. विजेता झाल्यावर त्याचा सरावातील जोडीदार बिल टेट हाही कृष्णवर्णीयच होता. म्हणजे डेम्प्सीला कृष्णवर्णीय माणसाशी हातमोजे घालून उभे राहण्यात अडचण नव्हती; वर्णरेषा फक्त विजेतेपदाभोवती आखलेली होती. सरावात ठोसे खाणारा आणि देणारा माणूस चालत होता, जगज्जेता होण्याची शक्यता असलेला माणूस चालत नव्हता. या प्रथेचे स्वरूप इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

वृत्तपत्रांतील मागणी वाढू लागल्यावर जाहीर नकार मागे पडला आणि त्याची जागा टोलवाटोलवीने घेतली. जुलै १९२२ मध्ये दोन्ही बाजूंनी लढतीच्या करारावर सह्या केल्या, परंतु तारीख, ठिकाण आणि आयोजक यांपैकी काहीच निश्चित नसल्याने तो कागद कागदच राहिला. सप्टेंबर १९२५ मध्ये मिशिगन राज्यातील नाइल्स येथे दुसरा करार झाला. त्यातील आयोजकाला डेम्प्सीची आगाऊ रक्कम उभी करता आली नाही आणि तोही मोडला. विल्सला आगाऊ मिळालेले ५० हजार डॉलर त्याच्याकडेच राहिले. ज्या लढतीसाठी त्याने उमेदीची वर्षे राखून ठेवली तिची एवढीच कमाई त्याच्या पदरी पडली. या साऱ्या काळात डेम्प्सीचे वेळापत्रक पाहिले की, सवड नव्हती ही सबब टिकत नाही. १९१९ ते १९२६ या सात वर्षांत त्याने आपले विजेतेपद केवळ पाच वेळा यशस्वीपणे राखले; १९२२, १९२४ आणि १९२५ या वर्षांत तर विजेतेपदाची एकही लढत तो खेळला नाही.

यातील दोष कोणाचा, हा प्रश्न पुढे बराच रंगला. डेम्प्सीने उत्तरायुष्यात आयोजकांकडे आणि राजकारणाकडे बोट दाखवले, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. रिनोनंतर पेटलेल्या दंगली रिकर्डने जवळून पाहिल्या होत्या, आणि १९२१ मध्ये जॉर्जेस कार्पांतिएविरुद्धच्या लढतीत तिकिटविक्री प्रथमच दहा लाख डॉलरच्या पुढे नेऊन दाखवल्यावर विल्सवाचूनही गल्ला भरतो हे त्याला कळले होते. तरीही विजेता हाच अखेर कोणाशी लढायचे हे ठरवणारा असतो. रिकर्डच्या आडून डेम्प्सीची जबाबदारी पुसता येत नाही. विशेष म्हणजे या प्रकरणात एका सरकारी यंत्रणेने विल्सची बाजू घेतली. न्यू यॉर्क राज्यात मुष्टियुद्धाला १९२० च्या वॉकर कायद्याने मान्यता मिळाली होती आणि त्याचे नियमन राज्याच्या अ‍ॅथलेटिक कमिशनकडे होते. १९२६ मध्ये जेम्स फार्ली अध्यक्ष असताना या कमिशनने डेम्प्सीने आधी विल्सशी लढावे असा आग्रह धरला आणि जीन टनीविरुद्धच्या लढतीला आडकाठी केली. परिणामी ती लढत फिलाडेल्फियाला नेण्यात आली. २३ सप्टेंबर १९२६ रोजी एक लाख वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर टनीने दहा फेऱ्यांत गुणांवर विजय मिळवला आणि डेम्प्सीचे विजेतेपद गेले. पुढच्याच महिन्यात ब्रुकलिनमध्ये जॅक शार्कीविरुद्ध विल्स नियमभंगामुळे बाद ठरवला गेला. तोवर त्याचे वय सदतिशीच्या घरात पोहोचले होते आणि लढतीचा प्रश्नच उरला नव्हता.

कोण जिंकला असता या वादात दोघांशीही लढलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे दाखले देण्याची पद्धत जुनी आहे. फ्रेड फुल्टनला डेम्प्सीने १९१८ मध्ये वीस सेकंदांच्या आत आडवे केले, विल्सला त्यासाठी १९२० मध्ये तीन फेऱ्या लागल्या. अर्जेंटिनाच्या लुईस फिर्पोला डेम्प्सीने सप्टेंबर १९२३ मध्ये दुसऱ्या फेरीत संपवले, पण त्याआधी त्याच फिर्पोने डेम्प्सीला दोरांमधून रिंगणाबाहेर फेकले होते. विल्स १९२४ मध्ये जर्सी सिटीत फिर्पोशी पूर्ण बारा फेऱ्या लढला आणि सरस ठरला. येथे एक तपशील समजून घ्यावा लागतो. त्या काळी काही राज्यांत पंचांना गुणांवर निकाल देण्यास मनाई होती. दोघेही अखेरपर्यंत उभे राहिले तर अधिकृत निकालच नसे आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत वार्ताहर जे मत देत ते 'न्यूजपेपर डिसिजन' म्हणून ग्राह्य धरले जाई. विल्सचा फिर्पोवरील विजय याच प्रकारचा आहे. म्हणजे झालेल्या लढतीतही कोण जिंकले हे पुष्कळदा मतांवरच अवलंबून असे, आणि अशा नोंदींच्या आधारे न झालेल्या लढतीचा निकाल काढणे किती ठिसूळ असते हे उघड आहे.

शैलींची तुलना त्याहून अर्थपूर्ण ठरते. डेम्प्सी खाली वाकून, सतत डोलत आत शिरे आणि डाव्या हाताचा हुक, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला ठोसा, विलक्षण वेगाने मारी. विल्सचे बळ क्लिंचमध्ये, म्हणजे दोघे एकमेकांना बिलगलेले असताना, होते. एका हाताने प्रतिस्पर्ध्याला धरून दुसऱ्याने त्याच्या अंगावर ठोसे लगावणे ही त्याची खासियत होती. आत घुसणाऱ्या डेम्प्सीला हा उंच, ताकदवान माणूस जखडून ठेवू शकला असता तर लढत लांबली असती आणि लांबलेली लढत विल्सच्या पथ्यावर पडली असती; सुरुवातीच्या तीन-चार फेऱ्यांत मात्र डेम्प्सीचा वेग निर्णायक ठरण्याची शक्यता अधिक होती. १९२२ च्या उन्हाळ्यात ही लढत झाली असती तर डेम्प्सीचे पारडे किंचित जड मानावे लागते, पण निकाल गृहीत धरता येत नाही. ज्या लढतीचा निकाल गृहीत धरता येत नाही तीच घडवून आणण्यासाठी विजेतेपदाची रचना असते.

हा वाद यंत्राकडे सोपवण्याचा प्रयत्नही झाला. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वोरोनर या निर्मात्याने सोळा हेवीवेट विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा रेडिओवर सादर केली; तज्ज्ञांची मते आणि जुन्या नोंदी संगणकात भरून निकाल काढले गेले आणि अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीला बाद केल्याचे जाहीर झाले. त्या स्पर्धेत आपल्याला जेफ्रिजकडून हरवलेले पाहून अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड म्हणून १९६९ मध्ये अली व मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूच्या फेऱ्या खेळल्या, निरनिराळे शेवट चित्रित केले गेले, आणि जानेवारी १९७० मध्ये तो चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मार्सियानो विमान अपघातात मरण पावलेला होता. या प्रयोगाची कौतुके पुष्कळ झाली, पण त्यातील मूलभूत अन्यायाकडे क्वचितच लक्ष वेधले गेले : प्रवेश फक्त माजी व विद्यमान विजेत्यांना असल्यामुळे पीटर जॅक्सन, सॅम लँगफर्ड आणि हॅरी विल्स यांना कल्पनेच्या रिंगणातही स्थान नव्हते. ज्या रेषेने त्यांना खऱ्या लढतीपासून वंचित ठेवले तिचाच वापर करून यंत्राने खेळाडू निवडले. याउलट 'द रिंग' या मासिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर यांनी आपल्या सर्वकालीन हेवीवेट यादीत कधीही जगज्जेता न झालेल्या लँगफर्डला स्थान दिले, आणि ही दृष्टी निःसंशय अधिक न्याय्य होती.

२२ जून १९३७ रोजी शिकागो येथे जो लुईसने जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत बाद केले, तेव्हा जॉन्सनच्या पराभवानंतर बावीस वर्षांनी पुन्हा एक कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. विल्स तेव्हा निवृत्त होऊन हार्लेममध्ये घरभाड्याच्या मालमत्तेवर चरितार्थ चालवत होता; १९५८ मध्ये त्याचे निधन झाले आणि १९९२ मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश करण्यात आला. हा सन्मान रास्त असला तरी पुरेसा नाही. विजेत्यांच्या कोष्टकात १९१९ ते १९२६ या वर्षांसमोर जॅक डेम्प्सी हे नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाने, त्याच ठिकाणी, या काळातील पहिल्या क्रमांकाचा दावेदार हॅरी विल्स याला लढत नाकारण्यात आली, एवढी नोंद अवश्य करावी.