वज्रेश्वरीचं गरम पाणी आणि नसलेला ज्वालामुखी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले एक काका न्यूझीलंडला लेकीकडे राहून आले आणि रोटोरुआचे व्हिडिओ घेऊन आले. करड्या रंगाचा चिखल पिठल्यासारखा रटरटतोय, मधूनच एखादा बुडबुडा फुटून शिंतोडे उडतायत, मागे जमिनीच्या भेगांतून वाफेचे लोट. गच्चीवर जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "यात काय, आपल्या वज्रेश्वरीलाही आहे की. तिथंही खाली ज्वालामुखीच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. लहानपणापासून हेच ऐकलेलं.

ती मान उगाच डोलावली, हे पुढच्या थंडीत भिवंडी-अंबाडी करत पुन्हा तिथं गेल्यावर लक्षात आलं. तानसा नदीच्या काठानं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी अशी कुंडं पसरलेली आहेत. अकलोलीच्या कुंडांना सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम अशी नावं. सकाळी सातला पाण्यावर वाफ तरंगत होती. नऊपर्यंत ऊन चढलं आणि ती दिसेनाशी झाली. पाणी पन्नास अंशांच्या आसपास, म्हणजे पाय बुडवताना श्वास रोखावा लागतो इतकं. तळातून बुडबुडे येतात, पण ते उकळीचे नव्हेत. या पट्ट्यातल्या झऱ्यांमधून येणारा वायू मुख्यतः नायट्रोजन असतो. रटरटणारा चिखल कुठेच नाही. वाफेचं तोंड नाही.

मग या पाण्याखाली आग आहे, हे आपल्याला सांगितलं कुणी?

जुनी गोष्ट आगीची नव्हे, रक्ताची आहे. देवीनं इथं राक्षसांना मारलं आणि त्यांचं रक्त अजून जमिनीतून ऊन ऊन वाहतं, असं सांगतात. देवीचं नाव वज्राबाई, वज्रयोगिनी. आज डोंगरावर आहे ते देऊळ मात्र मराठ्यांच्या वसई मोहिमेतलं. १७३७ साली ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला गेला, पण वसई हाती येईना. तेव्हा चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, किल्ला पडला तर देऊळ बांधीन. मे १७३९ मध्ये वसई पडली, मोठी माणसं खर्ची घालून पडली, आणि नवस फेडला गेला. पुढे दीड-पावणेदोन वर्षांतच, डिसेंबर १७४० मध्ये, चिमाजी अप्पा गेले. मला या गोष्टीत नेहमी एक गंमत वाटते. ती सांगताना कुंडांचं नाव कुणी काढत नाही. स्वाऱ्या करून अंग आंबलेल्या फौजेला शेजारी ऊन पाणी असण्याचं अप्रूप वाटलं नसेल? पण नवसाच्या कथेला पाणी नको असतं, तिला किल्ला हवा असतो.

पाण्याची मोजणी करायला इंग्रज यावे लागले. १८८२ साली दोन पुस्तकं निघाली. एक, कॅम्पबेलच्या देखरेखीखाली तयार झालेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर. त्यात वज्राबाईच्या झऱ्यांची नोंद आहे. दुसरं, भारतातल्या उष्ण झऱ्यांची थॉमस ओल्डहॅम यांनी केलेली यादी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हे पहिले प्रमुख. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. मुलानं, रिचर्ड ओल्डहॅमनं, ती पुरी करून प्रसिद्ध केली. हाच मुलगा पुढे १९०६ साली भूकंपलहरींच्या नोंदी अभ्यासून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवून देणार होता. बापानं जमिनीवर आलेल्या उष्णतेचे पत्ते लिहून काढले आणि मुलगा थेट तळघरात डोकावला. योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

आता कारण. सातिवली-कोकनेरपासून खाली राजापूरपर्यंत, जवळपास ३५० किलोमीटरच्या पट्टीत असे झरे आहेत. उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ही नावं कोकणातल्या माणसाला सांगायला नकोत. या सगळ्यांचं पाणी पावसाचं आहे, हे त्यातल्या समस्थानिकांवरून कळतं. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांतून खोल उतरतो. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं, त्यामुळे एक-दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी आपसूक तापतं आणि दुसरी एखादी मोठी भेग सापडली की वर येतं. संपलं. ना ज्वालामुखी, ना लाव्हा. रोटोरुआत खाली खरोखरच तप्त शिलारस आहे. तिथं वाफेबरोबर गंधकाचे वायू येतात, त्यांचं आम्ल होतं, ते खडक कुरतडून त्याची माती करतं आणि तो चिखल उकळतो. तसलं काही पाहायचं तर लडाखमधल्या पुगा खोऱ्यात जावं. आमचं पाणी त्या मानानं गरीब आहे.

ज्वालामुखीचा गैरसमज बहुधा काळ्या खडकातून आला. शाळेत शिकवतात की महाराष्ट्राचा कातळ लाव्हाचा आहे. ते खरंच आहे. फक्त तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, कधीच निवून गेलेला. भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य आणि शेजारचं ऊन पाणी आपण एकत्र केलं आणि राक्षसाच्या रक्ताच्या जागी लाव्हा बसवला. राक्षसाची गोष्ट निदान विज्ञान असल्याचा आव तरी आणत नव्हती.

हा फरक शब्दांपुरता नाही. गेल्या शतकात, १९३०च्या दशकात, नित्यानंद स्वामी इथं आले आणि भीमेश्वराच्या देवळाजवळ राहिले. १९६१ साली त्यांनी देह ठेवला तोवर गणेशपुरी हे मोठं तीर्थ झालं होतं. पुढे मुक्तानंदांच्या आश्रमामुळे परदेशी भक्तही येऊ लागले. आता रिसॉर्ट आहेत, जलक्रीडेची उद्यानं आहेत, बोअरवेल आहेत. खाली ज्वालामुखी असता तर आपल्या चार बोअरवेलनी त्याचं काही बिघडलं नसतं. पण हे पावसाचं पाणी आहे, नेमक्या भेगांतून येणारं. वरचे डोंगर उघडे पडले, पाणी मुरायची जागा सिमेंटखाली गेली, कडेनं उपसा वाढला, तर त्याचा हिशेब खालीच होणार. डोळ्यांसमोर उदाहरण तानसेचंच आहे. वरच्या बाजूला शहापूर तालुक्यात १८९२ साली धरण झालं आणि नदीचं थंड पाणी नळांतून मुंबईला गेलं. ऊन पाणी तेवढं ठाणे जिल्ह्याला राहिलं. २०१४ साली पालघर वेगळा झाला तेव्हा सातिवली, कोकनेर तिकडे गेले. अकलोली, गणेशपुरी भिवंडी तालुक्यात राहिल्या.

काकांना हे सगळं सांगितलं. ते जरा हिरमुसले. "म्हणजे नुसता पाऊसच?" म्हणाले. मी म्हटलं, हो, आपल्याकडे पडतो तोच.

जुलैत पुन्हा गेलो. तानसा दुथडी भरलेली, नदीपात्रातले झरे पाण्याखाली. काठावरच्या एका कुंडात दोन म्हातारे गळ्यापर्यंत बुडून बसले होते आणि त्यांच्या टकलांवर धो धो पाऊस पडत होता.