सागाचे काम घरी करायचे? तीन यंत्रे पुरेशी आहेत

गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा, आलापल्ली हा भाग सागासाठी प्रसिद्ध आहे. 2023 मध्ये अयोध्येतील राम मंदिरासाठीही चंद्रपूर-गडचिरोलीचा साग गेला. या लाकडाचा स्टूल किंवा शेल्फ घरी करायचा असेल, तर ड्रिल, जिगसॉ आणि सँडर एवढी यंत्रे पुरतात. सोबत रंधा, गुण्या आणि दोन क्लॅम्प हवेत.

कापणी : सागातील सिलिकामुळे पाते लवकर बोथट होते. मग जोर लावावा लागतो आणि यंत्र निसटू शकते. म्हणून पाते वेळीच बदला. सरळ कापण्यासाठी फळीवर सरळ पट्टी क्लॅम्पने बांधा आणि जिगसॉ तिला टेकवून चालवा.

जोडणी : 4 मिमी स्क्रूसाठी आधी सुमारे 3 मिमीचे छिद्र पाडा, नाहीतर फळीचे टोक फाटते.

घासणी : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. त्यामुळे मास्क लावा आणि सँडर अंगणातच चालवा.

खरेदी : सागाच्या वाहतुकीवर वन कायद्याचे नियंत्रण आहे. लाकूड अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पावती जपून ठेवा.