कॅसिनो कुठला? कापूस, मटका आणि डॅनव्हिल



कॅरीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात अपार्टमेंट, गाडी आणि इंडियन ग्रोसरी हे तीन प्रश्न पडतात. चौथा प्रश्न साधारण लाँग वीकेंडच्या आधी येतो. "इथून जवळचा कॅसिनो कुठला?" बे एरिया किंवा न्यू जर्सीहून बदलून आलेले लोक तर हे इतक्या सहज विचारतात की जणू देवळाचा पत्ता विचारतायत.

गंमत अशी की हे ज्या गावात विचारतात, त्या गावाचं नावच मुळी एका दारूबंदीवाल्याचं आहे. फ्रँक पेज नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याने हे गाव वसवलं आणि ओहायोतले दारूबंदीचे पुढारी सॅम्युएल फेंटन कॅरी यांचं नाव त्याला दिलं. गाव रीतसर स्थापन झालं १८७१ साली. (जुने लोक कॅरी म्हणजे "कंटेनमेंट एरिया फॉर रिलोकेटेड यांकीज" असं चिडवायचे. आता यांकी कमी आणि पुणेकर जास्त.)

तर उत्तर सरळ आहे. पर्याय तीन. डोंगरात चेरोकी, साडेचार-पाच तास. शार्लटच्या पलीकडे किंग्ज माउंटन, तीनेक तास. आणि व्हर्जिनियाच्या हद्दीत शिरल्या शिरल्या डॅनव्हिल, दीडेक तास. खोल्या, बुफे, पार्किंग यावर मी काही लिहिणार नाही, ते नेटवर आहे. मला लिहायचंय ते तिसऱ्या ठिकाणाबद्दल, कारण तिथल्या जमिनीचा आपल्या लालबाग-परळशी असलेला संबंध कळल्यापासून तो विषय डोक्यातून जात नाहीये.

डॅनव्हिलचा कॅसिनो उभा आहे तो एका बंद पडलेल्या कापड गिरणीच्या जागेवर. डॅन रिव्हर मिल्स. सुरुवात १८८२ ची. शहराच्या स्कूलफील्ड भागात गिरणीने कामगारांसाठी घरं, शाळा, दुकानं बांधली, थोडक्यात गिरणगावच वसवलं. एके काळी दहा हजारांहून जास्त माणसं इथे काम करायची. १९३० च्या सप्टेंबरात मोठा संप झाला, चार महिने चालला आणि १९३१ च्या जानेवारीत कामगार हरले. १९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला होता, म्हणजे दोन्हीकडे काळ एकच. पुढे स्वस्त आयात कापडापुढे गिरणीचा टिकाव लागेना. २००६ मध्ये ती विकत घेतली कोणी? गुजरात हेवी केमिकल्स या भारतीय कंपनीने! त्यानंतर डॅनव्हिलमधलं कापडाचं काम थांबलं आणि २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये शहराने मतदान करून कॅसिनोला होकार दिला, मे २०२३ मध्ये तात्पुरता कॅसिनो उघडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पक्क्या इमारतीतला. गिरणीची तीन उंच धुराडी मात्र पाडली नाहीत, तशीच ठेवली आहेत. ती पाहिल्यावर मराठी माणसाला काय आठवेल हे सांगायला नको. फिनिक्स मिलच्या जागेतल्या मॉलमध्येही एक धुराडं असंच उभं आहे.

पण संबंध इथे संपत नाही, खरं तर तो यापेक्षा बराच जुना आहे.

१८६१ मध्ये इथलं यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मग त्यांची नजर वळली आपल्याकडे. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून जाऊ लागला आणि सोन्या-चांदीचा पूर मुंबईत आला. या पैशाचं मुंबईने काय केलं? जुगार केला. नाव अर्थात जुगार नव्हतं, शेअर होतं. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, बँका, वित्त मंडळ्या रोज निघत होत्या. बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरसाठी तर झुंबड. या सगळ्याचा नायक प्रेमचंद रायचंद. पुढच्या तारखेचे वायदे करायचे, हातात पैसा नसताना. मोठ्या वायद्यांची हिशेबाची तारीख होती १ जुलै १८६५.

आता या बाजूला या. एप्रिल १८६५ च्या सुरुवातीला रिचमंड पडलं आणि दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस पळून आला तो डॅनव्हिलला. ३ ते १० एप्रिल असा आठवडाभर डॅनव्हिल ही दक्षिणेची शेवटची राजधानी होती. ९ तारखेला व्हर्जिनियात जनरल ली शरण गेला. आणि २६ एप्रिलला जनरल जॉन्स्टनने शर्मनपुढे शस्त्रं ठेवली ती डरहममधल्या एका साध्या शेतकऱ्याच्या घरात, बेनेट प्लेस इथे. त्या एका सहीने जवळजवळ ९० हजार सैनिक शरण गेले, संपूर्ण युद्धातली सर्वांत मोठी शरणागती. कॅरीतून अर्ध्या तासावर आहे ते घर.

युद्ध संपल्याची बातमी मुंबईत पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायदे पुरे करायला कोणाकडेच पैसे नव्हते. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, प्रेमचंद रायचंद स्वतः बुडाले, पुढे बँक ऑफ बॉम्बेचंही दिवाळं वाजलं. तेजीच्या काळात प्रेमचंदांनी दिलेल्या देणगीतून आईच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई टॉवर तेवढा राहिला. डरहमच्या शेतातली सही आणि मुंबईचं दिवाळं यांच्यात अंतर फक्त दोन महिन्यांचं. बेनेट प्लेसच्या पाट्या मी वाचल्या आहेत, त्यांवर मुंबईचा उल्लेख काही दिसला नाही.

मुंबईची खोड तरी गेली का? नाही. कापूस नाही तर पाऊस! अमुक वेळात इतका पाऊस पडेल की नाही यावर पैजा लागायच्या. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला तरी हे चालूच होतं, कारण पाऊस मोजायचं साधन हे जुगाराचं साधन नव्हे असं उच्च न्यायालयाने १८८९ मध्ये ठरवलं. लगेच १८९० मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला. तोच १८८७ चा कायदा, नाव बदलून, महाराष्ट्रात आजही आहे. उलट १९७६ मध्ये विधिमंडळाने कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला होता. तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षं कपाटात! गोव्याने मात्र हॉटेलांत आणि मग मांडवीत बोटींवर परवानगी दिली आणि पुढचा इतिहास पणजीला गेलेल्या प्रत्येकाला दिसतो.

आता मटका. बऱ्याच जणांना वाटतं की मटका म्हणजे मडक्यातून चिठ्ठी काढणं, बस. मूळ पुन्हा कापूसच आहे. न्यूयॉर्क कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचे आणि त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. म्हणून "ओपन" आणि "क्लोज". १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं बंद झालं. मग आकडा कुठून आणायचा? कराचीहून फाळणीत आलेल्या रतन खत्रीने काल्पनिक भाव काढायची युक्ती चालवली. कच्छच्या कल्याणजी भगतने १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये खत्रीने स्वतःचा न्यू वरळी मटका. मडक्यातल्या चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले. ओपन रात्री नऊच्या सुमाराला आणि क्लोज मध्यरात्री. न्यूयॉर्कचा बाजार सकाळी उघडतो तेव्हा मुंबईत रात्र असते, त्यामुळे ही वेळ तिथूनच चिकटली असावी असा माझा अंदाज. आपले ऑफशोअर कॉल ज्या वेळेला होतात त्याच वेळेला गिरणगाव आकडा फुटायची वाट बघत जागं असायचं.

गणित बघा, आपल्या लोकांना आवडेल. तीन पानं काढायची, बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. ३, ७, ९ म्हणजे १९, आकडा ९. क्लोजला २, ४, ४ आली तर १०, आकडा शून्य. जोडी ९०. लिहायचं ३७९-९०-२४४. तीन अंकांचे असे एकूण २२० "पाने" होतात आणि शून्य ते नऊ प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर २२ येतात. (तिन्ही अंकांत एक-एक मिळवा, बेरीज तीनने सरकते, आणि ३ व १० यांना सामाईक अवयव नाही. झालं सिद्ध.) म्हणजे खेळ अगदी समतोल, प्रत्येक आकड्याची शक्यता दहात एक. पण लागलेल्या आकड्याला मिळायचे साधारण नऊपट, जोडीला नव्वदपट. रुपयाला दहा पैसे कायमचे बुकीचे. लास वेगासच्या रुलेटमध्ये ३८ घरं असतात आणि कॅसिनोला सुटतात सव्वापाच टक्के. थोडक्यात, लालबागचा गिरणी कामगार वेगासच्या गिऱ्हाइकापेक्षा दुप्पट दराने हरत होता, आणि तेही रोज.

माझे आजोबा साचेखात्यात होते. गिरणीचं नाव सोडून देतो. आकडा लावायचे, चार आणे, आठ आणे. मोठी रक्कम कधीच नाही, पण नागा पण कधीच नाही. स्वप्नात काय दिसलं, कुठल्या नंबरची बस आधी आली, सगळ्यातून आकडा निघायचा. पगाराच्या दिवशी आजी माझ्या वडलांना गिरणीच्या गेटवर उभं करायची. वडील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. काम एकच, बाबांचा हात धरून सरळ खोलीवर आणायचं, मधे कुठे थांबू द्यायचं नाही. पाकीट तांदळाच्या डब्यात जायचं. वडील आज पंचाहत्तरीला आले, अजूनही दिवाळीत गंमत म्हणून कोणी तीनपत्ती मांडली की उठून गॅलरीत जातात. त्यावर बोलत मात्र नाहीत. बाकीचं मला आत्याकडून कळलं.

खत्रीबद्दल आजोबांना राग नव्हता हे विशेष. "माणूस चारचौघांत पानं काढायचा, लबाडी नाही," असं म्हणायचे म्हणे. आणीबाणीत खत्री एकोणीस महिने तुरुंगात होता, १९७५ चा "धर्मात्मा" त्याच्यावरून सुचला असं म्हणतात, २०२० मध्ये वारला. मटका मोडला तो पोलिसांमुळे कमी आणि गिऱ्हाईक संपल्यामुळे जास्त. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. पगारच नाही तर आकडा कशाचा?

म्हणूनच मला वाटतं की "कुठला कॅसिनो?" यापेक्षा "हे दहा पैसे कुठे जातात?" हे विचारणं जास्त रंजक आहे. मटक्याचे दहा पैसे लालबागला परत आले नाहीत, एक बालवाडीसुद्धा नाही. चेरोकीचं तसं नाही. १८३८ मध्ये ज्यांना सैन्य लावून ओक्लाहोमाकडे हाकललं, त्यांतले जे डोंगरात टिकून राहिले त्यांची ही जमात. १९८८ च्या केंद्रीय कायद्याने वाट मोकळी झाली, १९९७ च्या नोव्हेंबरात कॅसिनो उघडला (खरे डीलर असलेली टेबलं आली ती २०१२ मध्ये), आणि नफ्याचा वाटा जमातीच्या प्रत्येक सभासदाला वर्षातून दोनदा मिळतो. डॅनव्हिलच्या कॅसिनोतही हीच जमात भागीदार आहे, तेव्हा इकडे हरा की तिकडे, थोडे पैसे एकाच घरी जाणार. किंग्ज माउंटनला २०२१ पासून कटॉबा जमात. आपल्या राज्याची लॉटरी तर शिक्षणाच्या नावाने. २००५ मध्ये सिनेटात २४-२४ अशी बरोबरी झाली, उपराज्यपाल बेव्हर्ली पर्ड्यू यांच्या एका मताने ती पास झाली आणि ३० मार्च २००६ ला तिकीटविक्री सुरू. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ ची, म्हणजे यात आपण सदतीस वर्षं पुढे!

२०२३ मध्ये इथेही रॉकिंगहॅम वगैरे काउंट्यांत कॅसिनो आणायचा घाट घातला होता. चर्चमंडळी आणि स्थानिक लोक इतके भडकले की सप्टेंबरात तो गुंडाळावा लागला. पण त्याच वर्षी जूनमध्ये ऑनलाइन खेळांवरच्या सट्ट्याचा कायदा मात्र झाला, आणि ११ मार्च २०२४ ला दुपारी बारा वाजता तो सुरू झाला. तेव्हापासून माझ्या मते अंतराचा प्रश्न निकालात निघालाय. डॅनव्हिलला दीड तास गाडी हाकावी लागते, परत यावं लागतं, बायको विचारते कुठे होतास. फोनला यातलं काहीच लागत नाही. आजी वडलांना गेटवर उभं करू शकली, कारण गेट एकच होतं. आमच्या ऑफिसात लंचला क्रिकेटच्या प्रत्येक ओव्हरवर बोटं चालतात, आणि त्यात नुकतीच पंचविशी ओलांडलेली, घरी दरमहा पैसे पाठवणारी मुलं आहेत. ग्रीन कार्डच्या रांगेत वीस वर्षं उभं राहायचंय, म्हणतात, तोवर टाइमपास.

बाकी शनिवारी डॅनव्हिलला जाणार असाल तर थोडं लवकर निघा. जाताना डरहमला बेनेट प्लेस वाटेतच आहे, प्रवेश फुकट. डॅनव्हिलमध्ये डेव्हिसचा मुक्काम होता तो सदरलिन वाडा आता संग्रहालय आहे. आणि धुराडी पार्किंगमधूनच दिसतात, त्यासाठी आत जावं लागत नाही.

कळावे,
कॅरीहून एक गिरणगावकर