अकिलीसची मनधरणी

होमरचे 'इलियड' हे ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धाचे काव्य म्हणून आपल्याला माहीत असते. प्रत्यक्षात त्याच्या २४ सर्गांत दहाव्या वर्षातले जेमतेम पन्नासेक दिवस येतात. या ग्रीक महाकाव्याचा पहिलाच शब्द आहे 'क्रोध'. हा क्रोध अकिलीसचा.

ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन याने अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस ही बंदिवान स्त्री हिरावून घेतली. त्या समाजात युद्धातला वाटा म्हणजे वीराचा मान. अपमानित अकिलीसने शस्त्र खाली ठेवले आणि ग्रीकांची पीछेहाट सुरू झाली.

नवव्या सर्गात त्याच्याकडे शिष्टाई जाते. अ‍ॅगमेम्नॉनने भेटींची मोठी यादी दिली आहे: दहा टॅलंट सोने (टॅलंट हे त्या काळचे वजन), बारा घोडे, सात नगरे, स्वतःची मुलगी आणि परत केलेली ब्रिसेइससुद्धा. मात्र शेवटी तो बजावतो, की मी मोठा राजा आहे, त्याने माझ्यापुढे नमावे. चतुर ओडिसियस सारी यादी सांगतो आणि हे शेवटचे वाक्य तेवढे गाळतो. पण अकिलीसला देण्यातली गुर्मी कळतेच. मनात एक आणि ओठांवर दुसरे असणाऱ्याचा आपल्याला तिटकारा आहे, असे तो सुनावतो.

अकिलीसला लहानपणी सांभाळणारा म्हातारा फिनिक्स डोळ्यांत पाणी आणून समजावतो. एजॅक्स मोजक्या शब्दांत मैत्रीची आठवण देतो. 'उद्याच घरी निघतो' म्हणणारा अकिलीस थोडा विरघळतो, थांबायला तयार होतो. लढायला मात्र नाही. या हट्टाची किंमत त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस प्राणांनी चुकवतो. सूडाने पेटलेला अकिलीस ट्रॉयच्या हेक्टरला मारतो आणि त्याच्या प्रेताची विटंबना करतो.

शेवटच्या सर्गात हेक्टरचा वृद्ध पिता, राजा प्रायम, रात्री शत्रूच्या तळावर येतो. त्याच्याही खंडणीत सोने आहे, तेही बरोबर दहा टॅलंटच. पण तो यादी वाचत नाही. तो अकिलीसचे गुडघे धरतो, ज्यांनी आपली मुले मारली त्या हातांचे चुंबन घेतो आणि म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर. तोही माझ्यासारखाच म्हातारा आहे. मग दोघेही रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी.

सोने तेवढेच, पण एकाने ते वरून टाकले, दुसऱ्याने गुडघे टेकून पुढे केले. प्रायमची नम्रता म्हणजे लाचारीही नव्हे. शत्रूच्या छावणीत असे जाणे हे काही भित्र्याचे काम नाही.

अकिलीसचा स्वभाव मात्र एका रात्रीत पालटत नाही. प्रायम घाई करतो तेव्हा तो डाफरतो. पण आता त्याला स्वतःच्या रागाची भीती वाटते. मुलाचे प्रेत पाहून म्हाताऱ्याचा तोल गेला, तर आपल्या हातून त्याची हत्या होईल, म्हणून तो प्रेताला दृष्टिआड स्नान घालायला सांगतो.

मग तो विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी समाधी, प्रायम सांगतो. बाराव्या दिवशी लढूच, लढावे लागले तर. अकिलीस तेवढे दिवस देतो. युद्ध थांबत नाही, ट्रॉयही वाचणार नाही. पण 'इलियड' संपते ते हेक्टरच्या अंत्यसंस्काराने, त्या मागून मिळवलेल्या अकरा दिवसांत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)