गर्भातले रक्त आणि पहारेकरी

सिकलसेल हा आजार विदर्भाला आणि नंदुरबारच्या पाड्यांना नवा नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. पण आजार आईबापांकडून आलेला असूनही तान्ह्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही. असे का? १९४८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी सुचवले, की बाळाच्या अंगात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते आणि तेच त्याला सांभाळते.

या हिमोग्लोबिनमध्ये गॅमा नावाची साखळी असते. जन्मानंतर गॅमाचे जनुक निजते आणि बीटाचे कामाला लागते. दोष आहे तो बीटात, तोही एका अक्षराचा. उर्दूत एक नुक्ता हलला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो, तसाच हा प्रकार! गॅमाचे जनुक मात्र म्हातारपणापर्यंत शाबूत असते. फक्त ते वाचले जात नाही.

ते वाचू न देणारा सापडायला साठ वर्षे लागली. जनुकाजवळ बसून त्याची नक्कल काढू देणारी किंवा अडवणारी प्रथिने असतात, त्यांना ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ म्हणतात. २००८ मध्ये बोस्टनच्या विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की बीसीएल११ए हे असे प्रथिन गॅमाला दाबून ठेवते.

पण हा पहारेकरी स्वतःहून उभा राहत नाही. केएलएफ१ नावाचे दुसरे प्रथिन बीटाला जागे करते आणि बीसीएल११ए तयार करण्याचा हुकूमही देते. एकाचे दार उघडायचे आणि दुसऱ्याच्या दाराशी शिपाई बसवायचा, असा दुहेरी कारभार. माल्टा बेटावरच्या एका कुटुंबात केएलएफ१च्या जनुकाची एक प्रत निकामी निघाली. त्या माणसांच्या रक्तात मोठेपणीही गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर होते, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१६ मध्ये एलआरएफ हा आणखी एक पहारेकरी सापडला. गॅमाच्या उंबऱ्यावर दोघांच्या बसायच्या जागा वेगवेगळ्या आहेत.

मग बीसीएल११ए काढूनच का टाकू नये? कारण मेंदूला आणि रोगप्रतिकारक पेशींनाही ते लागते. २०१३ मध्ये वाट सापडली. बीसीएल११एच्या जनुकातच एक तुकडा आहे, जो तांबड्या पेशींच्या वंशात ते जनुक जोमाने चालवतो. त्या तुकड्यावर गाटा१ हे तिसरे प्रथिन येऊन बसते. क्रिस्परच्या कात्रीने नेमकी ही बैठक मोडली, की पहारा ढिला पडतो आणि गॅमा पुन्हा बोलू लागते.

या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत माणशी २२ लाख डॉलर. शिवाय आधी जबर केमोथेरपी सोसावी लागते. गडचिरोलीच्या मुलीला आज मिळू शकते ती हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी. हे औषधही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, पण कमीअधिक प्रमाणात, आणि ते रोज घ्यावे लागते.